पॉड मशीनची कॉफी कडक कशी करायची?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. घरात एका वेळी एकच कप काढणारं पॉडचं मशीन आहे. पॉड (कॉफीची पूड भरलेली छोटी बंद डबी) ठेवा, झाकण लावा, बटण दाबा, मिनिटभरात कॉफी तयार. सोयीबद्दल काही तक्रार नाही. कॉफी मात्र पाणचट लागते. वास छान येतो, रंगही ठीक दिसतो, पण घोट घेतला की जिभेवर काही उरत नाही. आणि मला सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे ती पाणचट असूनही शेवटी कडवट लागते. हे दोन्ही एकाच कपात कसं जमतं?

माझा मग मोठा आहे, म्हणून मी १२ औंसाचं बटण दाबते. पॉड साधे, मध्यम भाजलेले. मशीनवर 'स्ट्राँग' असंही एक बटण आहे, त्याने थोडासा फरक पडतो. घरात एकाला दूध घालून लागते, मला काळी. नवं मशीन घ्यायचं नाहीये. आहे त्यातच कडक कॉफी कशी काढता येईल? अनुभव असलेल्यांनी सांगा, अगदी बारीकसारीक गोष्टीही चालतील.

एकच_कप
१२ औंसाचं बटण सोडा. ६ दाबा. बाकी सगळं नंतर.

काळीकुट्ट
डार्क रोस्टचे पॉड घ्या, ज्यांच्यावर 'एक्स्ट्रा बोल्ड' लिहिलेलं असतं ते. मध्यम भाजलेल्या कॉफीला मुळात दमच नसतो. मी डार्क सोडून काही पीत नाही.

मोजूनमापून
पहाटवारा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात.

पॉडमध्ये कॉफीची पूड ठरलेली असते. तुमच्यासारख्या मशीनच्या साध्या पॉडमध्ये ती साधारण ९ ते १२ ग्रॅम भरते. तुम्ही ४ औंसाचं बटण दाबा की १२ औंसाचं, पूड तेवढीच. बदलतं ते फक्त पाणी. म्हणजे मोठ्या कपाचं बटण मोठी कॉफी देत नाही, तीच कॉफी जास्त पाण्यात देते.

आता हिशेब. गाळून केलेल्या कॉफीसाठी जगभर धरलं जाणारं प्रमाण एक लिटर पाण्याला ५५ ग्रॅम पूड असं आहे. या प्रमाणाने ८ औंस, म्हणजे २४० मिलीला १३ ग्रॅम लागतात. ६ औंस, म्हणजे १८० मिलीला जवळजवळ १० ग्रॅम. आणि तुमच्या १२ औंसाला, म्हणजे ३५० मिलीला १९ ग्रॅमच्या वर. पॉडमध्ये आहेत १० च्या आसपास. निम्म्या पुडीत तुम्ही पूर्ण मग काढताय.

आता कडवटपणाचं. पुडीतून सगळं एकदम विरघळत नाही, त्याला क्रम असतो. आधी आंबटसर आणि फळांसारख्या चवी येतात, मग गोडवा, आणि कडवट, लाकडासारखी, कोरडी चव सगळ्यात शेवटी. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव जुळते असं मानतात. प्रा. अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात जो तक्ता मांडला, त्यात एका बाजूला हे उतरण्याचं प्रमाण आहे आणि दुसऱ्या बाजूला कपातल्या कॉफीचा दाटपणा. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली गल्लत नेमकी तिथे होते. १२ औंस पाणी जेव्हा एवढ्याशा पुडीतून जातं तेव्हा पुडीतलं चांगलं केव्हाच संपलेलं असतं, आणि उरलेलं पाणी कडवट भाग ओढून आणतं. म्हणून उतरलं प्रमाणाबाहेर, आणि कप मात्र पातळ. पाणचट आणि कडवट, दोन्ही एकाच वेळी.

अंदाजाने आकडे मांडतो, पॉड १० ग्रॅमचा धरून :
३५० मिली पाणी, २२ टक्के उतरलं तर कपात विरघळलेली कॉफी ०.६३ टक्के.
२४० मिली, २० टक्के, तर ०.८३.
१८० मिली, २० टक्के, तर १.१.
१२० मिली, पाणी कमी म्हणून उतरणंही थोडं कमी, १७ ते १८ टक्के धरा, तर १.४ ते १.५.

गाळलेल्या कॉफीत साधारण १.१५ ते १.४५ टक्के दाटपणा चांगला धरतात. एस्प्रेसोत (दाबाने काढलेली छोटी, घट्ट कॉफी) तोच ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. पॉड कितीही चांगला असला तरी १२ औंसाच्या बटणावर तुम्ही त्या पट्ट्याच्या आसपासही पोचत नाही. ६ वर काठावर येता, ४ वर वरच्या टोकाला.

एकच_कप
माझ्या एका ओळीचा एवढा मोठा अर्थ आहे हे वाचून बरं वाटलं. +१.

अनुस्वार
@मोजूनमापून, फार छान समजावलंत. पण मग पहाटवारा यांना मोठा मग भरून हवा असेल तर? ४ औंसात काय होणार?

मोजूनमापून
दोन पॉड, दोन्ही ४ औंसावर, एकाच मगात. ८ औंस कॉफी, दाटपणा तोच १.४ च्या पुढे. अजून मोठा मग हवा असेल तर दोन पॉड ६ औंसावर, म्हणजे पूर्ण १२ औंस आणि प्रमाणात. खर्च दुप्पट होतो हे खरं. पण मग भरून आणि कडक, दोन्ही एकदम हवं असेल तर पुडीला पर्याय नाही.

सांजवेळ
एक पॉड दोनदा चालवून बघा असं मला कोणीतरी सुचवलं होतं. तसं करू नये. एकाच पॉडमधून दुसऱ्यांदा पाणी सोडलं की जे येतं ते फक्त कडवट, रंगीत पाणी. पहिल्या कपात मिसळलं तर तोही बिघडतो. पैसे वाचतात म्हणून हे करू नका, चवीशी सरळ वैर आहे.

यंत्रवेडा
मी घरगुती यंत्रं दुरुस्त करतो, आणि कॉफी पातळ येते म्हणून आलेल्या मशीनांत निम्म्या वेळा दोष कॉफीचा नसतो. पहाटवारा, खालच्या गोष्टी आधी तपासा. याशिवाय पॉड बदलून उपयोग नाही.

पहिलं, सुई. तुमच्या मशीनमध्ये पॉडला वरून एक सुई भोक पाडते आणि खालून एक. वरच्या सुईच्या टोकाशी बारीक छिद्रं असतात, त्यातून गरम पाणी आत शिरतं. कालांतराने त्यात पूड अडकते. मग पाणी सगळ्या पुडीवर नीट पसरत नाही, एका बाजूने वाट काढून सरळ खाली जातं आणि पुडीचा अर्धा भाग नुसता ओला होऊन पडून राहतो. वापरलेला पॉड कापून बघा. गाळ सगळीकडे सारखा भिजलेला हवा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला फिकट, घट्ट ढेकूळ दिसलं तर सुई साफ करायची वेळ झाली. मशीनचा विजेचा प्लग काढा, सरळ केलेल्या पेपरक्लिपने छिद्रं हलक्या हाताने मोकळी करा, मग नुसत्या पाण्याचे दोन-तीन कप चालवा. सुई धारदार असते, बोटं सांभाळा.

दुसरं, क्षार. पाणी जड असेल तर तापणाऱ्या भागावर पांढरा थर साचतो. थर साचला की पाणी हवं तेवढं तापत नाही आणि प्रवाहही मंदावतो किंवा तुटक होतो. कप अर्धवट भरणं, मशीनचा आवाज वाढणं, वेळ जास्त लागणं ही त्याची लक्षणं. तीन ते सहा महिन्यांनी डिस्केलिंग करा, पाणी फार जड असेल तर त्याआधीच. कंपनीचं द्रावण किंवा सायट्रिक अ‍ॅसिड वापरा, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते पाळा. व्हिनेगरने क्षार जातात, पण वास जाता जात नाही आणि पुढचे कित्येक कप आंबटसर लागतात. नंतर स्वच्छ पाण्याने टाकी भरून भरून धुवा, घाई करू नका.

तिसरं, तापमान. कॉफीसाठी पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावं असं म्हणतात. पॉडच्या अनेक घरगुती मशीनमध्ये ते ८९ च्या जवळपास ठेवलेलं असतं, आणि पहिल्या कपाच्या वेळी नळ्या, पॉडची खाच, मग, सगळं थंड असल्याने प्रत्यक्षात त्याहून खाली येतं. म्हणून पॉड न ठेवता एकदा नुसतं गरम पाणी काढा. मग त्याच पाण्याने तापतो, आतली वाटही तापते. ते पाणी ओता आणि लगेच पॉड लावा. सकाळच्या पहिल्या कपाला हा फरक स्पष्ट कळतो.

'स्ट्राँग' बटणाबद्दल : बहुतेक मशीनमध्ये ते पाणी सावकाश किंवा थांबत थांबत सोडतं, म्हणजे पुडीला पाण्यात जास्त वेळ मिळतो. पूड वाढत नाही. ६ औंसावर ते बटण कामाचं आहे, कारण पाणी कमी असताना वेळ वाढल्याने उतरणं सुधारतं. १२ वर तेच बटण कडवटपणा वाढवतं, पहाटवारा यांना शेवटी लागतोय तो बहुधा याच्यामुळे आणखी ठळक होत असेल.

काळीकुट्ट
सगळं मान्य, पण ६ औंसावरही मला मध्यम भाजलेल्या कॉफीत दम लागत नाही. माझं मत बदलणार नाही.

मोजूनमापून
@काळीकुट्ट, तुमची आवड तुमची, त्यात वाद नाही. फक्त पहाटवारा यांची दिशाभूल होऊ नये म्हणून : जास्त भाजलेल्या कॉफीची चव धुरकट आणि कडवट असते, आणि ती जिभेला कडक *वाटते*. कपात विरघळलेली कॉफी त्याने फारशी वाढत नाही. खोक्यावर १ ते १३ वगैरे जे तीव्रतेचे आकडे असतात तेही भाजणं, कडवटपणा आणि अंग (तोंडात जाणवणारं जडपण) यांवर असतात, कॅफीनवर नाही. 'एक्स्ट्रा बोल्ड' मात्र वेगळं प्रकरण आहे. त्या पॉडमध्ये बऱ्याचदा पूडच जास्त भरलेली असते, तेव्हा तुमचा सल्ला योग्य, कारण मात्र वेगळं.

पॉड घेताना खोक्यावरचं निव्वळ वजन बघा आणि पॉडच्या संख्येने भागा. एका पॉडमध्ये किती ग्रॅम आहेत हे लगेच समजतं. खोक्यावरच्या विशेषणांपेक्षा हा भागाकार जास्त खरं सांगतो.

काळीकुट्ट
आत्ताच घरातली दोन खोकी उलटून वजन बघितलं. डार्कच्या पॉडमध्ये खरंच जवळजवळ दोन ग्रॅम जास्त निघाले. हे कधी बघितलंच नव्हतं. धन्यवाद.

दुधाळ_चहाते
माझाही यात प्रश्न आहे. दूध घातलं की माझी कॉफी नुसतं कोमट दूध होऊन जाते. यावर काय?

सांजवेळ
दुधाच्या कॉफीला पाणी कमीत कमी ठेवायचं, बस्स. ४ औंसाच्या बटणावर पॉड काढा आणि दूध त्याच्या निम्म्याहून जास्त घालू नका. मशीनवर लहान कपाचं बटण नसेल तर लहान कप भरला की तो बाजूला करा आणि उरलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात जाऊ द्या. शेवटचं पाणी कपात पडलं नाही तर काही बिघडत नाही, उलट चांगलंच. फक्त मशीन चालू असताना झाकण उघडून थांबवू नका, आत दाब आणि कढत पाणी असतं.

दूध आधी गरम करा. थंड दूध घातलं की कॉफीचं तापमान घसरतं आणि कोमट कॉफीत चव बोथट लागते. आणि साय असलेलं किंवा जास्त स्निग्धांशाचं दूध कॉफीचा कडवटपणा झाकतं, म्हणून त्यात जास्त दाट कॉफी हवी.

दुधाळ_चहाते
म्हणजे मी आत्तापर्यंत उलटं करत होतो, मोठा कप काढून वर दूध. आज संध्याकाळी करून बघतो.

पहाटवारा
सगळ्यांचे मनापासून आभार! पॉड कापून बघितला. यंत्रवेडा यांनी सांगितलं तसंच, एका बाजूला पूड कोरडी आणि घट्ट. सुई साफ केली, वरच्या छिद्रात खरंच पूड अडकली होती. मग तापवला, ६ औंस आणि स्ट्राँग. पहिल्याच घोटात कळलं. कडवटपणा गेला, शेवटी गोडसर चव राहिली. घरातल्यांनी विचारलं की कॉफी बदलली का!

आता मोठ्या मगासाठी दोन पॉड करायला मन होत नाही, रोजचा खर्च आहे. पुन्हा भरता येणारा फिल्टर मिळतो असं ऐकलं. तो कसा असतो? त्यात कडक होते का?

सांजवेळ
हो, आणि मला विचाराल तर कडक कॉफीसाठी तोच सगळ्यात चांगला मार्ग, कारण तिथे पूड आणि तिचं दळण दोन्ही तुमच्या हातात येतं. मी अनेक वर्षं वापरतेय, म्हणून जरा मनापासून लिहिते.

आधी मशीनला कोणता फिल्टर बसतो ते बघा. सगळे सगळ्यांना बसत नाहीत. काही मशीनमध्ये खालची सुई फिल्टरच्या तळात घुसते, काहींमध्ये अख्खी खाच काढून फिल्टर बसवायचा असतो.

दळण मध्यमापेक्षा थोडं बारीक. भरड असेल तर पाणी पुडीतून सरळ निघून जातं आणि कॉफी पातळ, आंबट येते. या फिल्टरमध्ये कॉफी नाही जमत अशी तक्रार करणारे बहुतेक जण इथेच अडकतात, कारण दुकानातली तयार पूड बऱ्याचदा मोठ्या भांड्याच्या यंत्रांसाठी दळलेली असते, ती या छोट्या फिल्टरला भरड पडते. पण अति बारीक, एस्प्रेसोसारखी पूडही नको. जाळी बंद होते, दाब वाढतो, कडेने गाळ बाहेर येतो आणि कपात गरम चिखल उतरतो. माझा नियम असा की पूड चिमटीत घेतली तर मीठासारखी टोचली पाहिजे, पिठासारखी गुळगुळीत लागता कामा नये.

भरायचं फिल्टरवरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. पूड फुगते, तिला जागा हवी. बोटाने किंवा चमच्याने हलकंच सपाट करा, दाबून ठासू नका. ठासलेल्या पुडीत पाणी शिरत नाही, कडेने वाट काढतं. टेबलावर दोनदा हलकेच आपटलं की पूड आपोआप सारखी बसते. हेच साध्या पॉडलाही करावं, खोक्यात आडवे राहिल्याने पूड एका कडेला गेलेली असते.

वजनकाटा असेल तर एकदा मोजून बघा, तुमच्या फिल्टरमध्ये किती मावतं. माझ्यात १२ ते १३ ग्रॅम बसतात, त्यामुळे ८ औंसही छान येते. पॉडने ते जमत नव्हतं. बारीक कागदाचे लहान फिल्टर मिळतात, ते आत घातले की गाळ येत नाही आणि धुणंही सोपं. कागदाने थोडं तेल अडतं, त्यामुळे अंग किंचित हलकं होतं. मला कागद नसलेलीच आवडते.

आणि ताजी पूड घ्या. पॉड बंद असतो, हवा लागत नाही, म्हणून तो टिकतो. सुट्या पुडीला हवा लागते, तिचा वास उडतो. बी घेऊन लागेल तेवढीच दळली तर सोन्याहून पिवळं.

यंत्रवेडा
सांजवेळ ताईंच्या प्रतिसादाला एक जोड. फिल्टर लावल्यावर गाळ बाहेर येतो आणि सुईतही जातो. आठवड्यातून एकदा नुसतं पाणी चालवत जा.

आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो, पाणी. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी क्षार साचू नयेत म्हणून वापरतात. पण कॉफीची चव पाण्यात उतरायला थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. अगदीच क्षार नसलेल्या पाण्यात कॉफी सपाट लागते. कित्येक उत्पादक डिस्टिल्ड पाणी वापरू नका असंही सांगतात. साधं गाळलेलं पाणी उत्तम.

कॅप्सूलवाली
धागा के-कपसारख्या मोठ्या पॉडचा आहे हे कळतंय, पण नेस्प्रेसो ओरिजिनल प्रकारचं मशीन वापरणारे पण येतील म्हणून लिहिते.

तिथे कॅप्सूलमध्ये पूड फक्त ५-६ ग्रॅम. ती २५ मिली रिस्ट्रेटो (सगळ्यात कमी पाण्याची), ४० मिली एस्प्रेसो किंवा ११० मिली लुंगोसाठी (जास्त पाण्याची, लांब कॉफी) असते. म्हणजे एस्प्रेसोची कॅप्सूल लुंगोच्या बटणावर काढली की गत पहाटवारा यांच्यासारखीच. लांब कॉफी हवी असेल तर एस्प्रेसो ४० मिलीवर काढा आणि गरम पाणी वेगळं घाला. दाटपणा तितकाच पातळ होतो, पण कडवट भाग पुडीतून निघत नाही, चव स्वच्छ राहते.

बहुतेक मशीनमध्ये बटणाचं प्रमाण बदलता येतं. कॅप्सूल टाकून बटण दाबून धरायचं, हवी तेवढी कॉफी आली की सोडायचं, मशीन ते लक्षात ठेवतं. मी एस्प्रेसोचं बटण ३० मिलीवर आणून ठेवलंय. दुधाची कॉफी करताना दोन कॅप्सूल, दोन्ही ३० मिली.

नेस्प्रेसोच्याच व्हर्च्युओ प्रकारात कॅप्सूलच्या कडेवर बारकोड असतो, मशीन तो वाचून पाणी, वेग आणि वेळ ठरवतं. तिथे मोठ्या कपाच्या कॅप्सूलमध्ये पूडही जास्त असते, त्यामुळे पाणचटपणाची तक्रार कमी. तरीही कडक हवी तर मोठी कॅप्सूल काढताना बटण पुन्हा दाबून आधी थांबवा.

अनुस्वार
आमच्या ऑफिसात सेन्सिओ आहे, मऊ कागदी पॅडवालं. त्याला काय करावं?

कॅप्सूलवाली
त्याचं फार सोपं. दोन पॅडचा खोल होल्डर घ्या, दोन पॅड घाला आणि एका कपाचं बटण दाबा. एका पॅडमध्ये साधारण ७ ग्रॅम, म्हणजे १४ ग्रॅम पूड आणि एका कपाचं पाणी. एवढी कडक होते की पहिल्या वेळी जपून प्या. पॅड तळाला सपाट आणि गोल बसलेत ना ते बघा, कड दुमडली तर पाणी बाजूने जातं.

झोपमोड
एक विचारायचं होतं. मला चवीपेक्षा जाग येण्यासाठी कडक हवी. १२ ऐवजी ६ औंस काढली तर कॅफीन जास्त मिळेल का?

मोजूनमापून
नाही. कॅफीन पाण्यात लवकर विरघळतं, ते आधीच उतरतं. एका पॉडमधून ६ औंस काढा की १२, कॅफीन जवळपास तेवढंच, फक्त मोठ्या कपात थोडंसं जास्त. म्हणजे चव कडक होते, डोस नाही.

कॅफीन वाढवायचं असेल तर दोनच गोष्टी : पूड जास्त, किंवा ज्यात रोबस्टा जातीचं बी आहे अशी कॉफी. अरेबिका जातीत कॅफीन साधारण १.२ ते १.५ टक्के, रोबस्टात २.२ ते २.७, जवळजवळ दुप्पट. रोबस्टाची चव जास्त कडवट आणि मातकट असते, पण अंग दाट. दूध घालणाऱ्यांना ती उलट आवडते. डार्क रोस्टने कॅफीन वाढतं हा समज मात्र सोडा.

दोन-दोन पॉड काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसभरात ४०० मिलीग्रॅम आणि एका वेळी २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित धरलं आहे, गरोदर स्त्रियांसाठी दिवसभरात २००. अरेबिकाच्या १० ग्रॅम पुडीत एकूण १२० ते १५० मिलीग्रॅम असतं. त्यामुळे एका मगात दोन पॉड म्हणजे बैठकीची मर्यादा गाठणं किंवा ओलांडणंच. रक्तदाब, हृदयाचे ठोके किंवा झोपेचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोला.

झोपमोड
हे कळलं ते फार बरं झालं. मी रोज दोन मग प्यायचो, त्यात दोन-दोन पॉडचा विचार करत होतो. आता नाही.

काळीकुट्ट
एक छोटा उपाय माझ्याकडूनही. पॉडमधली कॉफी काढल्यावर त्यात अर्धा चमचा इन्स्टंट एस्प्रेसो पावडर विरघळवा. खर्च कमी, दाटपणा लगेच वाढतो. अर्धाच चमचा, जास्त घातली तर इन्स्टंटचीच चव पुढे येते.

सांजवेळ
मला ते आवडत नाही. पॉडच्या कॉफीत जी थोडी नाजूक चव असते ती त्याने मरते. पण दुधाच्या कॉफीत चालून जातं हे मान्य.

कडवट वाटत असेल तर अगदी चिमूटभर मीठ घाला, खारट लागणार नाही इतकं कमी. सोडियममुळे जिभेला कडवट कमी जाणवतं. कडक कॉफी करताना ज्यांना कडवटपणाचा त्रास होतो त्यांना हे उपयोगी पडेल.

पहाटवारा
फिल्टर मागवलाय. तोपर्यंत ६ औंस आणि तापवलेला मग. अजून एक विचारते, उन्हाळ्यात बर्फावर काढते तेव्हा तीच पाणचट गत होते. त्यालाही ४ औंसच का?

मोजूनमापून
४ औंसच, आणि शक्यतो जास्त पुडीचा पॉड. बर्फ वितळून जे पाणी होईल ते आधीच हिशेबात धरायचं. १२० मिली गरम कॉफी थंड करायला साधारण तेवढ्याच वजनाचा बर्फ वितळतो, म्हणजे दाटपणा निम्मा. १.५ चा ०.७५ होणार, तो पाणचटच.  म्हणून कॉफी काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग फ्रिजमध्ये, आणि प्यायच्या वेळी बर्फ. तेव्हा बर्फ फारच कमी वितळतो.

सांजवेळ
किंवा आदल्या दिवशीची उरलेली कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये घालून तिचेच खडे करून ठेवा. वितळले तरी कॉफीच होते. कॉफी ताजी असताना ट्रेमध्ये घाला, तासन् तास मगात पडलेली नको, तिचा वास बदललेला असतो.

दुधाळ_चहाते
४ औंस, गरम दूध निम्मं. काल केली. कॉफीची चव दुधातून वर आली. आता बर्फाचे खडे करून बघतो, आणि मग ट्रेमध्ये दूध घालायचं की कॉफी, यावर घरात मत घेतो.

सांजवेळ
दोन्ही ट्रे ठेवा. कॉफीचे खडे गार दुधात, दुधाचे खडे काळ्या कॉफीत.